३० सप्टेंबरला गावात हरिपाठ ठेवावा का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. म्हणजे जुनं गाव काठचं. आताचं गाव तिथून तीन किलोमीटरवर, माळावर आहे. १९९३ च्या भूकंपानंतर जी ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली, त्यातलं एक. ३० सप्टेंबरला सकाळी शाळेपुढं लोक जमतात, दोन मिनिटं उभं राहतात, सरपंच चार शब्द बोलतात आणि सगळे घरी जातात. यंदा गावातल्या पोरांनी सुचवलं की त्या दिवशी सामुदायिक हरिपाठ ठेवू. सुचवणारी पोरं भूकंपानंतर जन्मलेली आहेत. त्यावरून गावात दोन तट पडले आणि आमच्या घरातही. आत्या म्हणते ठेवाच. वडील म्हणतात, "त्या दिवशी गाणं नको," आणि उठून बाहेर जातात. यापुढं ते काहीच बोलत नाहीत.

आत्याचं म्हणणं समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते, सगळं गाव गाढ झोपेत. ६.२ रिश्टरचा धक्का जगात कितीतरी ठिकाणी बसतो आणि एवढी माणसं जात नाहीत. आमच्याकडं घरं मारणारी होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे १०,००० माणसं गेली. आत्याची सासू, दीर आणि तीन वर्षांची मुलगी त्यात होती.

नंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस. आत्या सांगते की पहिले तीन-चार आठवडे रोज कुणी ना कुणी यायचं. पुढारी, संस्थावाले, कॅमेरेवाले. चांगल्या मनाचीच माणसं, पण प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं असायचं. "सांगून सांगून माझी पोरगी माझ्या तोंडातच गोष्ट होऊन गेली," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. मग ती बोलायचीच बंद झाली. दिवसचे दिवस हूं का चूं नाही.

महिन्याभरानं कोजागिरी आली आणि काकड्याचे दिवस सुरू झाले. देऊळ नव्हतं. टाळ ढिगाऱ्याखाली. एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं पहाटे शेडच्या दारात बसून नुसत्या हातानं ताल धरला आणि म्हणायला सुरुवात केली. दोन माणसं आली, मग पाच. बायका शेडच्या आतूनच म्हणायला लागल्या. आमच्या गावात तोवर टाळ बाप्यांच्या हातात असायचा, बायका मागं बसून ऐकायच्या. त्या महिन्यात तो नियम कुणी मोडला असं झालं नाही, तो कुणाला आठवलाच नाही.

आत्या म्हणते, "बोलाया गेलं की गळा धरायचा. म्हणाया लागलं तरी धरायचा, पण तवर शेजारणीनं ओळ उचललेली असायची. मी उलीशीक थांबायची, रडायची, आन् पुढच्या ओळीला पुन्हा धरायची. कुणी विचारायचं न्हाई का थांबलीस."

मला हे फार मोलाचं वाटतं. भूकंपानंतर तिचं रडणं कुणाच्या नजरेत न भरता गर्दीत सामावलं गेलं, ते पहिल्यांदा तिथं. आजही ती गावच्या महिला मंडळात आहे, वय ७१.

पण वडील तिचे सख्खे भाऊ. त्यांनीही तेच सोसलं. त्यांना नकोय, तर त्यांना दुखवून काय साधणार? तुमच्यापैकी कुणी आपत्तीनंतर असं एकत्र गाणं अनुभवलं असेल तर सांगा. वर्षदिवशी गाणं करतात का कुठं?

पखवाज

तेरणाकाठ, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

सुतकात गाणं कसं, असा मुद्दा गावात कुणी काढला तर एवढं सांगता येईल की वारकऱ्यांच्या घरात माणूस जातो तेव्हा त्याला टाळमृदंगातच नेतात. भजन शोकाच्या आड येत नाही आपल्याकडं, ते शोकाचंच अंग आहे.

दुसरं, आत्यांनी "ओळ उचलली" म्हटलं, ते सप्ताहात बसलेल्या माणसाला लगेच कळेल. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. पहाऱ्याला माणसं लावलेली असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून गळ्यात घेतो. रात्री दोनच्या पहाऱ्याला कुणी पेंगतं, कुणाचा आवाज बसतो, कुणी सुरात नसतंच. तरी नाम चालू राहतं. ही रचनाच अशी आहे की एकट्यावर भार पडत नाही. ज्यांनी ती लावून दिली त्यांना माणूस किती थकतो हे ठाऊक होतं.

आल्टो

@पखवाज, गंमत वाटेल पण पाश्चात्त्य वृंदगायनातही नेमकं हेच शिकवतात. मी पुण्यात एका क्वायरमध्ये गाते. लांब सूर धरायचा असेल तर आमचे गुरू सांगतात, शेजारचा श्वास घेतोय तेव्हा तुम्ही घेऊ नका. प्रत्येकानं वेगळ्या जागी श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो, प्रत्यक्षात त्यात प्रत्येकजण कुठंतरी थांबलेला असतो. माझे वडील गेले तेव्हा दोन आठवड्यांनी मी तालमीला गेले. अर्धा वेळ गाऊच शकले नाही. माझ्या जागेचा सूर मात्र चालू होता.

उमरगा_९३

मी विरोधात आहे आणि कारण सांगतो. राग मानू नका.

मी तेव्हा १३ वर्षांचा होतो. आमच्या गावात त्या रात्री मिरवणूक साडेबाराला संपली. ढोल, हलगी, लेझीम, गुलाल. आईनं कपाळावरचा गुलालसुद्धा पुसू दिला नाही, म्हणाली सकाळी अंघोळीला निघेल. दोघी बहिणींना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या केसात गुलाल होता.

ढोलाचा आवाज आला की आजही माझे हात गार पडतात. गणपतीचे दहा दिवस मी गाव सोडून जातो. आता मला सांगा, ३० सप्टेंबरला तुम्ही कर्णे लावून गाणार आणि त्याला दुःखावरची फुंकर म्हणणार. ज्यांना फुंकर लागते त्यांना लागू दे. काहींना ते पुन्हा त्याच रात्रीत नेऊन टाकतं. तुमच्या वडिलांना एकदा शांतपणे विचारा, त्यांना गाणं नकोय की आणखी काही.

तेरणाकाठ

@उमरगा_९३ दादा, राग कसला. हे विचारायचं मला आजवर सुचलं नाही, याचं वाईट वाटतंय. विचारते.

कोबेकर

मी १९ वर्षं जपानमध्ये आहे, त्यातली बरीच कोबे शहरात. "वर्षदिवशी गाणं करतात का" याचं उत्तर इथं रोजच्या जगण्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे ५:४६. तुमच्यासारखाच झोपेतला. ६,४३४ माणसं गेली. दरवर्षी त्या पहाटे हिगाशी युएन्चि नावाच्या बागेत बांबूच्या नळकांड्यांमध्ये दिवे लावतात आणि ५:४६ ला सगळे गप्प उभे राहतात. थंडी मरणाची असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारी एक आजोबा होते, ते दिव्याकडं न बघता घड्याळाकडं बघत होते.

त्या भूकंपानंतर थोड्याच दिवसांत इथल्या एका प्राथमिक शाळेच्या संगीतशिक्षकानं मुलांसाठी एक साधं गाणं लिहिलं. गेलेल्यांच्या वाट्याचं आपण नीट जगू, असा त्याचा भाव. तेव्हापासून शहरातल्या शाळांमध्ये मुलं ते शिकतात. माझ्या मुलीनं पहिलीत शिकलं. २०२१ साली महापालिकेनं त्याला शहराचं दुसरं गीत म्हणून मान्यता दिली. गाण्यात कोबे हे नाव येतं, पण दुसरीकडं भूकंप झाला की तिथली माणसं त्या जागी आपल्या गावाचं नाव घालून गातात. निइगातामध्ये तसं झालं, २०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्येकडंही झालं.

आता गावकऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट. कोबेत बेघर झालेल्यांना तात्पुरती घरं सोडत काढून दिली, म्हाताऱ्यांना आधी. हेतू चांगला होता. पण त्यानं शेजार तुटले. एका गल्लीतली माणसं शहराच्या चार कोपऱ्यांत गेली आणि त्या घरांमध्ये म्हातारी माणसं एकटीच मरून पडलेली सापडायला लागली. जपानीत त्याला वेगळा शब्दच आहे, कोदोकुशी, एकाकी मरण. २०११ च्या त्सुनामीनंतर म्हणूनच शक्य तिथं अख्खी वस्ती एकत्र हलवायचा प्रयत्न झाला, आणि तात्पुरत्या वसाहतींच्या सभागृहांत लोकांना एकत्र आणायला जे केलं गेलं त्यात जुनी गाणी मिळून म्हणणं हा मोठा भाग होता. चहा, बिस्किटं, मोठ्या अक्षरांतले गाण्याचे कागद. गाणं हे निमित्त. आज अमकी आजी आली नाही, हे कुणाच्यातरी लक्षात यावं.

फुकुशिमा प्रांतातल्या मिनामिसोमा गावातली एक गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. ओदाका भागातलं माध्यमिक विद्यालय अणुभट्टीपासून वीस किलोमीटरच्या आत. त्सुनामीत काही मुलं गेली आणि बाकीच्यांची पांगापांग झाली, देशभर. एका इयत्तेत शंभराच्या वर मुलं होती, मागं राहिली सात. दुसऱ्या शाळेच्या जागेत वर्ग भरायचा. संगीताच्या बाईंनी मोठ्या नकाशावर गेलेल्या मुलांचे फोटो चिकटवायला घेतले. मुलं म्हणाली, किती लांब गेलेत. मग कुणीतरी म्हणालं, पण या नकाशावरचं आभाळ एकच आहे. अशी मुलांच्या तोंडची वाक्यं बाई टिपत गेल्या आणि त्यातून एक समूहगीत झालं, २०१३ मध्ये ती मुलं शाळेतून बाहेर पडताना गायली. आज जपानभरच्या शाळांमध्ये ते गातात. सुरुवातीला त्या मुलांना गाता येत नव्हतं, हेही लक्षात घ्या. बाईंनी आधी गाणं दिलं नाही, आधी ऐकलं.

निळी_शाई

सगळं वाचलं, गलबलून आलं. पण एक प्रामाणिक शंका. हे गाण्यामुळं होतं की नुसतं एकत्र बसल्यामुळं? भूकंपग्रस्त बायकांनी एकत्र बसून गोधड्या शिवल्या असत्या तरी हेच झालं नसतं का?

उपचारक

@निळी_शाई, चांगला प्रश्न आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. मी मानसोपचार क्षेत्रात काम करते.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटानं प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, म्हणजे तुमच्या गोधड्याही चालल्या असत्या. फरक वेगाचा होता. गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक फार लवकर, ओळख होण्याच्याही आधी तयार झाली. शेडमध्ये अनोळखी माणसांशेजारी येऊन पडलेल्याला हा वेळेचा फरक लहान नाही.

श्वासाचं शास्त्रही आहे. गाताना श्वास पटकन आत जातो आणि ओळीभर सावकाश बाहेर पडतो. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती मंदावते. सगळे एकच ओळ म्हणतात म्हणजे सगळ्यांचा उच्छ्वास एकाच वेळी लांबतो. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये २०१३ साली गाणाऱ्या मुलामुलींवर हे मोजलं गेलं, त्यांच्या हृदयाची गती एकत्र वरखाली होताना दिसली. भूकंपातून वाचलेल्याचं शरीर कित्येक महिने सावध असतं, पत्रा वाजला तरी उठून पळतं. त्या शरीराला शब्दांनी समजावता येत नाही, श्वासानं थोडंफार येतं.

आत्याबाईंचं "सांगून सांगून" हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून सगळं बोलून घ्यायचं, ही पद्धत एकेकाळी जगभर चालायची. आता जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका म्हणते. त्यानं फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. विचारायचं असेल तर भूक लागलीय का, घरच्यांशी बोलणं झालं का, हे विचारा. गाणं काहीच विचारत नाही, म्हणून कदाचित ते इतक्या जणांना जमतं.

आणि @उमरगा_९३, तुमचे हात गार पडतात तो तुमचा दुबळेपणा नाही. आवाजानं ती रात्र जशीच्या तशी उभी राहणं यावर आज चांगले उपचार आहेत, ३० वर्षांनंतरही उपयोग होतो. सामूहिक गाणं त्याला पर्याय नाही. आणि ते कुणावर लादलं तर औषधही राहत नाही.

वाशिष्ठी

चिपळूणहून लिहितोय. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. भांडी, कपाटं, आजोबांची पेटी, सगळ्यावर वीतभर चिखल. तो उपसण्यात ऑगस्ट गेला. १० सप्टेंबरला गणपती.

बाबा म्हणाले यंदा नको, भिंती ओल्या आहेत, मूर्ती ठेवायची कुठं. शेवटी पाटावर लहानशी मूर्ती आणली. मखर नाही, रंग नाही. पण आमच्याकडं वाडीतली माणसं आरतीला घरोघर फिरतात, त्यामुळं संध्याकाळी तीस-चाळीस माणसं त्या ओल्या घरात उभी राहिली. झांजा तीनच शिल्लक होत्या, बाकीच्यांनी टाळ्या. पुरात कुणाचं दुकान गेलेलं, कुणाची माणसं. आरत्या सुरू झाल्यावर मी बाबांकडं बघितलं, तर ते डोळे मिटून अंगातला सगळा जोर लावून म्हणत होते, बेसूर. ५० दिवसांत मी त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता. मग आम्ही सगळे पुढच्या घरी गेलो, तिथून पुढच्या. कुणाचं किती गेलं हे प्रत्येक घरी डोळ्यांना दिसत होतं, बोलायची गरज नव्हती.

तेरणाकाठ ताई, मला वाटतं ठेवा. पण घरोघर विचारून.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले.

वडिलांना विचारलं. थेट नाही, शेतात त्यांच्याबरोबर बांधावर बसून. म्हटलं, तात्या, हरिपाठ नको की वाजवणं नको? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या राती लेझमीत मी पुढं होतो. लई दमलो, म्हणून बाहेरच बाजंवर पडलो. धाकटा भिंतीला लागून आत निजला. तो म्हणला होता मला बी बाहेर झोपू दे, मी म्हणलं डास चावतील."

माझ्या ४१ वर्षांच्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत्यालाही माहीत नव्हतं. @उमरगा_९३ दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलं नसतं.

संध्याकाळी पारावर बैठक झाली. @कोबेकर यांचं सोडतीचं वाचून दाखवलं, तर म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली. आमच्याकडं सोडत नव्हती, जमिनीच्या हिशेबानं घरं होती, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, आणि जेवढ्याचं घर तेवढ्याची ओळ. जुन्या गल्लीतले शेजारी नव्या गावाच्या दोन टोकांना गेले. रस्ते एवढे रुंद की ओट्यावरून ओट्यावर बोलता येत नाही. घरं भक्कम मिळाली, त्याबद्दल कुणी कृतघ्न नाही. पण एक आजी म्हणाली की नव्या गावात आल्यापासून शेजारच्या घरातलं जात्यावरचं गाणं तिनं ऐकलं नाही. ही तक्रार त्या वेळी कुठल्या अर्जात लिहिणार होती ती?

ठरलं ते असं. सकाळची श्रद्धांजली आहे तशी राहील. हरिपाठ संध्याकाळी, नव्या गावात नाही, जुन्या गावठाणात, मारुतीच्या चौथऱ्यापाशी. कर्णा नाही. ढोल, हलगी काही नाही, फक्त वीणा आणि टाळ. ज्यांना यायचं नाही त्यांच्या घरापर्यंत आवाज जाणारच नाही, तीन किलोमीटरवर. बसायचं जुन्या गल्लीप्रमाणं. म्हणजे तेव्हा शेजारी होते ते शेजारी. ही कल्पना आत्याची. कोण कुठं राहायचं ते पोरांना माहीत नाही, म्हणून आत्या आणि आणखी दोघी मिळून गल्ल्यांचा कागद तयार करताहेत. रात्री अकरापर्यंत त्यावरून भांडत होत्या, कुणाच्या दारात लिंब होता आणि कुणाच्या दारात चिंच.

तात्या येणार नाहीत म्हणाले. मी आग्रह केला नाही. पण सोमवारी पुण्याला निघताना ते कोयता घेऊन बाहेर पडले होते. गावठाणात वेड्या बाभळी माजल्यात, बायकांना बसायला जागा करायला हवी, एवढंच म्हणाले.

पखवाज

पखवाज नाही हे योग्यच केलंत, माझं नाव असं असूनही सांगतो. टाळ कमी पडत असतील तर माझ्याकडं सहा जोड आहेत, लातूरपर्यंत पोचवतो.

उमरगा_९३

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझंही असंच आहे, थोडंफार. कधीतरी लिहीन.

मी म्हणणार नाही, मला येतही नाही. पण मागं बसलेलं चालेल का? किती वाजता आहे?

तेरणाकाठ

चालेल दादा. सहाला सुरू. एसटीनं फाट्यावर उतरा, व्यक्तिगत निरोपात गावाचं नाव कळवते. घ्यायला येते मी.